पंचताईच्या पदवीचा हप्ता

पंचताई हे नाव तिला वडिलांनी दिलं. ते कौतुकाने दिलं की वैतागून, यावर घरात अजून दोन मतं आहेत. वडील शिंपी. त्यांचं दुकान म्हणजे इमारतीच्या जिन्याखालची जागा, तीही अशी की उभं राहिलं की पायरी डोक्याला लागायची, म्हणून त्यांनी उभी हयात बसून काढली. सगळी इमारत त्याच जिन्याने ये-जा करायची आणि भांडायलाही तिथेच थांबायची. पाण्याच्या टाकीवरून, गच्चीच्या किल्लीवरून, सासू काय म्हणाली आणि सुनेने ते काय ऐकलं यावरून. वडिलांशेजारी बसून शर्टांना बटणं लावणारी ही मुलगी दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकायची आणि मग एखादा साधा प्रश्न विचारायची. "काकू, किल्ली तुमच्याकडे नव्हती, तर गच्चीवर तुमचे कपडे कसे वाळत होते?" काकू खाली मान घालून वर निघून जायच्या.

तेव्हापासून जो तो म्हणायला लागला, हिला माणसं कळतात. माणसं कळणं हा गुण आहे, त्याचा धंदा होत नाही, हे मात्र कुणी म्हटलं नाही. घरात एकाला तरी ते म्हणता आलं असतं, तो म्हणजे मामा. मामांचं टाइल्सचं दुकान होतं, मोठ्या रस्त्यावर, काचेच्या दरवाजाचं. पण मामा त्या वर्षी खुशीत होते, आणि खुशीतला माणूस दुसऱ्याच्या मुलीला मोठ्या मनाने सल्ला देतो. "शिकू दे तिला," ते बहिणीला म्हणाले. "शिक्षण कधी वाया जात नाही." ते स्वतः शाळा अर्धी सोडून दुकानात बसले होते, त्यामुळे शिक्षणाबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं.

शाळा संपल्यावर पंचताईपुढे दोन वाटा होत्या. मानवसेवेची पदवी सरकारी कॉलेजात मिळायची. तिथे फी नावापुरती, पण जागा थोड्या, प्रवेश परीक्षा वर्षातून एकदा, आणि त्या वर्षीची होऊन गेलेली. दुसरं कॉलेज खासगी. तिथे परीक्षा नव्हती. तिथे स्वागतकक्षाच्या भिंतीवरून पाणी झुळझुळत खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं, आणि सोफे असे की बसलं की माणूस निम्मा आत जायचा. उठायला कष्ट पडतात म्हणून बरेच पालक प्रवेश घेऊनच उठत, असं नंतर पंचताई म्हणायची.

संचालक गृहस्थ होते मऊ आवाजाचे. त्यांनी तिला समोर बसवलं आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.

"एक वर्ष थांबून सरकारी परीक्षा देऊ का, असा विचार चाललाय," ती म्हणाली.

"बाळ," संचालक म्हणाले, "दुःखी माणसं एक वर्ष थांबतील का?"

तिने थांबण्याचा विषय तिथेच सोडला. संचालकांनी पुढे सांगितलं की सेवेला मोल नसतं, आणि त्याच श्वासात फीचं पत्रक पुढे सरकवलं. मोल होतं. चार वर्षांचं होतं आणि दरवर्षी वाढत जाणारं होतं. वडिलांनी ते पत्रक दोनदा वाचलं. शिंपी माणूस, आधी माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही ही सवय. त्यांनी विचारलं, "शिकल्यावर हिला मिळेल किती?" संचालकांना या प्रश्नाचं वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की वडीलच ओशाळले. घरात तो प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

बँकेचं टेबल कॉलेजातच होतं, प्रवेशाच्या टेबलासमोर, म्हणजे पालकांना उन्हात जायला नको. बँकेच्या माणसाने वडिलांची मिळकत पाहिली, जिन्याखालचा पत्ता पाहिला आणि जामीन मागितला. मामा आले, खिशातलं स्वतःचं पेन काढून सही केली आणि टोपण लावता लावता म्हणाले, "माझं काही नाही, पण हप्ता चुकवू नकोस हं, पोरी." पुढची कित्येक वर्षं ते वाक्य कुठल्याही प्रसंगी, कुणाच्या तब्येतीची चौकशी करतानासुद्धा, त्यांच्या तोंडी असायचं.

पंचताई मन लावून शिकली. माणसाचं ऐकावं कसं, ऐकताना घड्याळाकडे का पाहू नये, रडणाऱ्याला लगेच गप्प का करू नये, हे तिला शिकवलं. त्यातलं निम्मं तिला जिन्याखालीच येत होतं, पण आता त्याला नावं मिळाली आणि नावांवर गुण मिळाले. ती वर्गात पहिली आली. मामांनी दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं, "माझ्या सहीवर शिकली."

नोकरी लागली एका वृद्धाश्रमात. व्यवस्थापक बाई भल्या होत्या. त्यांनी तिला खोल्या दाखवल्या, काम समजावलं आणि शेवटी जरा चाचरत म्हणाल्या, "पगार असा नाही देत आम्ही. मानधन देतो." पंचताईला शब्द आवडला. पहिल्या महिन्याच्या शेवटी तिच्या लक्षात आलं की त्यातला मान पूर्ण मिळतो आणि धनाचं काय ते बघावं लागतं. हप्ता भरला की बसच्या भाड्यापुरते उरायचे. जेवण आईच्या हातचं, कपडे वडिलांनी शिवलेले. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हणतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे भाकऱ्या भाजायची परवानगी मिळवायलाच आधी कर्ज काढावं लागलं होतं.

काम मात्र तिला लाभलं. एक आजोबा महिनाभर अंघोळ करत नव्हते. सेवकांनी हात टेकले होते, मुलगा फोनवर "घाला जबरदस्तीने" म्हणाला होता. पंचताई दोन दिवस नुसती त्यांच्याजवळ बसली आणि तिसऱ्या दिवशी कळलं की आजोबांचं पाण्याशी काही वैर नाही, ते ओल्या फरशीला घाबरतात, एकदा पडले होते. तिने न्हाणीघरात रबरी चटई टाकली, भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला. आजोबा रोज अंघोळ करायला लागले, वर गाणीही म्हणायला लागले, तेव्हा शेजारच्या खोलीतून तक्रार आली. अशा तक्रारी आल्या की तिला बरं वाटायचं.

पण तिच्या शाळेतली एक मैत्रीण, जिने शाळेनंतर सहा महिने केस कापायला शिकून घेतलं होतं, तिची गोष्ट तिच्या मनातून जाईना. पंचताई तिच्याकडे केस कापून घ्यायला गेली होती. शेजारच्या खुर्चीत एक बाई नवऱ्याबद्दल सांगत रडत होती. मैत्रीण कात्री चालवत "हं, हं" म्हणत होती. बाई हलकी होऊन उठली, पैसे दिले आणि वर बक्षिसी ठेवून गेली. पंचताईने घरी येऊन आईला सांगितलं, "तीच दुःखं ती ऐकते. फक्त हातात कात्री असते म्हणून लोक पैसे देतात."

एका महिन्यात वडील आजारी पडले, औषधांना पैसे लागले आणि हप्ता चुकला. बँकेने नियमाप्रमाणे जामिनाला फोन केला. मामांनी बहिणीला फोन केला. आई काही बोलली नाही, नुसती भांडी जोरात ठेवत राहिली. पंचताई शिकली होती की मौनालाही अर्थ असतो, पण हा अर्थ कळायला पदवीची गरज नव्हती.

त्याच सुमाराला संचालकांचा निरोप आला. त्यांना कॉलेजात एक समुपदेशक हवी होती आणि पगार वृद्धाश्रमाच्या दुपटीहून जास्त होता. व्यवस्थापक बाईंनी तिला जाऊ दिलं. म्हणाल्या, "तिथे मुलांचं भलं करशील." आजोबांनी मात्र तोंड फिरवून घेतलं.

कॉलेजात गेल्यावर तिला कळलं की ज्यांचं समुपदेशन करायचं ती मुलं अजून कॉलेजात आलेली नाहीत. त्यांना आणायचं, हेच समुपदेशन. तिची खुर्ची होती प्रवेशाच्या टेबलामागे, बँकेच्या माणसाच्या बरोब्बर समोर. संचालकांनी तिला पहिल्याच दिवशी शब्द शिकवले. कर्ज म्हणायचं नाही, गुंतवणूक म्हणायचं. फी म्हणायची नाही, सहभाग म्हणायचं. आणि पगाराचा विषय निघालाच तर संधी हा शब्द वापरायचा, कारण संधीला आकडा नसतो. माजी विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ सगळे कामाला लागल्याचं माहितीपत्रकात छापलं होतं. पंचताईने त्यातली काही नावं ओळखली. एक जण पेट्रोल पंपावर होता, त्याच्यापुढे लिहिलं होतं, लोकसंपर्क. एक जणी घरीच बसली होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, कुटुंब क्षेत्र.

मग तिचा फोटो काढला. दुसऱ्याच्याच खोलीत, दुसऱ्याच्याच खुर्चीत बसवून, कानाला हेडफोन लावून. तो एवढा मोठा करून चौकात लावला की तिच्या एका डोळ्यात रिक्षा मावली असती. खाली लिहिलं होतं, पदवी घेतली, आयुष्य घडलं. मामा त्या चौकातून रोज जायचे. त्यांनी पहिल्यांदा गाडी थांबवली, खाली उतरून पाहिलं आणि त्या दिवशी फोनवर हप्त्याचं नावही काढलं नाही.

आणि खरं सांगायचं तर ती त्या कामात तरबेज निघाली. गप्प बसून समोरच्याला बोलू देणं, त्याच्या मनात काय आहे ते त्याच्याच तोंडून काढणं, हे सगळं इथे सोन्यासारखं चाललं. पालक स्वतःच सांगायचे की मुलीला काही करून दाखवायचंय, शेजाऱ्याचा मुलगा पुढे गेला, लग्नाआधी हातात काहीतरी असावं. ती मान डोलवायची आणि ते समोरच्या टेबलावर जाऊन सही करायचे. तिच्याइतके प्रवेश कुणी आणले नव्हते. वृद्धाश्रमात तिचं कौशल्य एका म्हाताऱ्याला न्हाणीघरापर्यंत न्यायचं, इथे ते माणसाला बँकेच्या टेबलापर्यंत नेत होतं. पैसे दुसऱ्या कामाचे जास्त मिळत होते.

एकदा लोकांच्या कपड्यांना इस्त्री करणारी एक बाई मुलीला घेऊन आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "ताई, तुम्ही इथेच शिकलात ना? तुम्हाला किती मिळतं?"

पंचताईने आकडा सांगितला. आकडा खरा होता. बाईचा चेहरा उजळला, तिने मुलीचा हात धरला आणि दोघी समोरच्या टेबलाकडे गेल्या. हा आकडा पदवीचा नाही, पदवी विकण्याचा आहे, हे पंचताईच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि ते वाक्य पाण्याबरोबर गिळलं. त्या दिवसानंतर तिला जेवण गोड लागेना. तरी ती रोज वेळेवर कामाला जात होती, कारण हप्ताही दर महिन्याला वेळेवर येत होता.

आणि मग एका सकाळी काचेचा दरवाजा ढकलून मामा आत आले. मागे मामेबहीण.

ही मुलगी घरात बोलायची फार कमी. दुकानात टाइल्स उतरवणारा एक बहिरा कामगार होता, त्याच्याकडून ती लहानपणी हातांच्या खुणा शिकली होती आणि त्याच्याशी मात्र तासन्‌तास गप्पा मारायची. बहिऱ्या मुलांच्या शाळेत काम करायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मामा सोफ्यात बसले, निम्मे आत गेले. "भाचीबाई," ते म्हणाले, "तुझा फोटो बघून ठरवलं. हिलाही हीच पदवी. आणि एक गंमत सांगतो. माझं दुकान आधीच बँकेकडे गहाण आहे, तर मला कर्ज देत नाहीत. जामीन चालेल म्हणाले. मी म्हटलं, आहे की आमची भाची, इथेच नोकरीला. तू सही कर. मी तुझ्यासाठी केली, तू हिच्यासाठी कर. फिट्टंफाट."

समोरच्या टेबलावरचा बँकेचा माणूस ओळखीचं हसला.

पंचताईने मामेबहिणीकडे पाहिलं. ती हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसली होती. तिला इस्त्रीवाल्या बाईची मुलगी आठवली, आईने हात धरून समोरच्या टेबलाकडे नेलेली.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "एक टाइल तुम्हाला शंभराला पडते आणि बाजारात ती चाळीसला जाते. आणाल?"

"मी काय वेडा आहे?"

"शंभरही उसने. वर व्याज."

"मग तर मुळीच नाही. पण याचा इथे काय संबंध?"

"हीच ती टाइल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. काम चांगलं आहे मामा, कामाला नावं ठेवत नाही मी. हिला जमेलही. पण या कामाला जे मिळतं, त्यातून इथली फी फिटत नाही. माझी फिटत नव्हती."

मामांनी मान वळवून दरवाजाकडे, म्हणजे चौकाच्या दिशेने पाहिलं. "मग तो फोटो कुणाचा?"

"माझाच. पण मी इथे पदवी वापरत नाही मामा. विकते."

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, मामांना कळलं. मामा सोफ्याच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठले.

"कळलं," ते म्हणाले. "आपलं झालं की शिडी वर ओढून घ्यायची. माझ्या सहीवर शिकलीस, माझ्या सहीवर मोठी झालीस, आणि माझ्याच मुलीच्या वेळी हात आखडता. सही करायची नाही असं सरळ सांग ना, टाइल्स कशाला मध्ये आणतेस?"

आणि ते तडक संचालकांच्या खोलीत गेले. दार उघडंच राहिलं, त्यामुळे तक्रार सगळ्यांनी ऐकली. तुमचीच माणसं प्रवेश घेऊ नका म्हणतात, हा काय प्रकार आहे, असं मामा म्हणत होते. संचालकांनी त्यांना पाणी दिलं, त्यांच्या भावना समजून घेतल्या, जामीन दुसरा चालेल म्हणाले आणि जागा अडवून ठेवण्यासाठी एक रक्कम भरून घेतली. मामांनी ती तिथल्या तिथे भरली. रागावलेला माणूस पैसे मोजून देत नाही.

मामा बाहेर पडताच पंचताईला आत बोलावलं.

"तुझ्यात सेवाभाव उरला नाही, बाळ," संचालक मऊ आवाजात म्हणाले. "मला फार दुःख होतंय." त्यांच्या दुःखाची मुदत मोठी नव्हती. दुपारपर्यंत तिचा हिशेब करून तिला घरी पाठवलं.

त्याआधी, ती संचालकांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा, कॉलेजच्या पायऱ्यांवर मामेबहीण तिची वाट पाहत उभी होती. मामा गाडीत हॉर्न वाजवत होते.

"ताई, मग मी काय करू?"

"तुला खरंच त्या मुलांसोबत काम करायचंय?"

तिने होकाराची मान हलवली.

"मग आधी त्या शाळेत मदतनीस म्हणून जा. बिनपगारी असलं तरी जा. सहा महिन्यांनी अजून वाटलं, तर सरकारी कॉलेजची परीक्षा दे. पदवी तीच आहे. तिथे भिंतीवरून पाणी येत नाही, छतातून येतं, एवढाच फरक."

मामेबहीण हसली. मग ती गाडीत जाऊन बसली आणि घरी पोचेपर्यंत तिने बापाला सांगून टाकलं की ती इथे शिकणार नाही. मामी नंतर सांगायच्या, मुलीचं एवढं लांब वाक्य मामांनी त्याआधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे गाडी चुकीच्या रस्त्याला लागली.

पंचताई घरी बसली. वृद्धाश्रमात तिची जागा भरली होती. ती वडिलांशेजारी बसून बटणं लावू लागली. वडिलांनी दिवा तिच्या बाजूला सरकवला. हप्त्याची तारीख आली आणि गेली. बँकेने नियम पाळला.

फोन आला तेव्हा मामा एका गिऱ्हाइकाला न्हाणीघराच्या भिंती दाखवत होते. "हो, मीच," ते म्हणाले. "हो, माझीच भाची. नोकरी? आहे की, कॉलेजात. काय, काढलं? कुणी काढलं? का?" इथे ते थांबले. का, ते पृथ्वीवर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. गिऱ्हाईक निळी टाइल हातात धरून उभं होतं आणि मामा फोन हातात धरून.

दुसऱ्या दिवशी ते संचालकांकडे गेले. भाचीला पुन्हा कामावर घ्या म्हणाले. संचालकांनी खेदाने नकार दिला. मग मामांनी जागा अडवण्याचे पैसे परत मागितले. संचालकांना आणखी खेद झाला. ते पैसे परत मिळत नाहीत, असं पावतीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. मामा आयुष्यभर गिऱ्हाइकांना फुटलेली टाइल परत घेणार नाही असं सांगत आले होते, पण ते निदान मोठ्या अक्षरात पाटीवर लिहीत होते. ते तिथे खूप बोलले. संचालकांनी सगळं समजून घेतलं.

त्या संध्याकाळी मामा जिन्याखाली आले. सवय नसल्यामुळे पायरी डोक्याला लागली. कपाळ चोळत ते वडिलांच्या समोरच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "दुकानात एक माणूस हवंय."

"मला टाइल्समधलं काही कळत नाही," पंचताई म्हणाली.

"टाइल्स मला कळतात. माणसं नाही कळत." एवढं कबूल करणंसुद्धा त्यांना जड गेलं, म्हणून लगेच पुढे म्हणाले, "घरचंच दुकान आहे. पगार काय बोलायचा? काहीतरी मानधन देईन."

"मामा, पगार. आकडा सांगा."

मामांनी आकडा सांगितला. पंचताईने त्याहून मोठा सांगितला. वडील मान खाली घालून शिवत होते, पण मशीन बंद होतं. मामांनी आकडा वाढवला. ती आपल्या आकड्यावरून हलेना. शेवटी मामा म्हणाले, "पण हप्ता मी परस्पर बँकेत भरणार."

"भरा. उरलेले माझ्या हातात."

टाइल्सच्या दुकानात माणसं किती भांडतात, हे तिला तिथे गेल्यावर कळलं. नवं घर घेणारी जोडपी कर्जावर सही करताना भांडत नाहीत, स्वयंपाकघराच्या फरशीवरून भांडतात. तिला पांढरी हवी असते, त्याला काळी, आणि खरं भांडण त्याची आई येऊन राहणार की नाही याचं असतं. मामांच्या काळात अशी गिऱ्हाइकं दार आपटून जायची. पंचताई दोघांना खुर्च्या द्यायची आणि विचारायची, "या ओट्यापाशी उभं कोण राहणार?" तासाभराने ती दोघं राखाडी टाइल घेऊन जायची. कधीकधी फोन करून आईचं काय ठरलं तेही कळवायची. विक्री वाढली. मामांनी तिचं पदवीचं प्रमाणपत्र घरून मागवून घेतलं, चौकट करून दुकानात लावलं. जागा एकच मोकळी होती, नमुन्याच्या कमोडांच्या वर. पदवी तिथे शोभून दिसली. कॉलेजपेक्षा तिथे ती जास्त खऱ्या कामाला येत होती.

मामेबहिणीने वर्षभर बहिऱ्या मुलांच्या शाळेत काम केलं. सरकारी परीक्षेत पहिल्या वेळी थोडक्यात राहिली, दुसऱ्या वेळी लागली. तिची फी मामांनी गल्ल्यातून काढून दिली, आणि ती इतकी कमी होती की त्यांना आधी विश्वासच बसेना. जामिनासाठी कुणाकडे जावं लागलं नाही. त्याचं दुःख मात्र त्यांना थोडं झालंच, कारण उपकार करायची आणि करून घ्यायची त्यांना दोन्हींची सवय होती.

पंचताईचं कर्ज फिटायला बरीच वर्षं लागली. ज्या दिवशी शेवटचा हप्ता गेला, त्या दिवशी तिने घरी येऊन आईला सांगितलं. आईने हात पुसले, फोन उचलला आणि आधी भावाला कळवलं, "दादा, सुटलास." पंचताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मग वडिलांनी जिन्याखालून हाक मारली आणि तिला नवा ड्रेस दिला. माप न घेता शिवला होता, तरी बरोबर बसला.

पुढच्या महिन्यात ती वृद्धाश्रमात गेली. व्यवस्थापक बाई आता थकल्या होत्या. "तुला देण्याइतकं आजही माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. पंचताई म्हणाली, "माहीत आहे. मी सगळे दिवस नाही येणार. सोमवार ते गुरुवार येईन, आणि जेवढ्या दिवसांचं काम तेवढे पैसे घेईन, कमी नाही." बाईंनी हिशेब केला, संस्थेच्या मंडळींशी चार बैठकांत भांडल्या आणि तिला घेतलं. मामांनी अट घातली की शनिवार-रविवार दुकानाचे, आणि शुक्रवारही.

न्हाणीघरात गाणारे आजोबा मधल्या काळात गेले होते. त्यांच्या खोलीत आता दोन आज्या होत्या आणि त्यांचं खिडकीवरून जुंपलेलं होतं. एकीला उघडी हवी, दुसरीला बंद. पंचताईने खुर्ची ओढून घेतली आणि पहिलीचं सगळं ऐकून घेतलं, तोच मामांचा फोन आला. दुकानात एक जोडपं आलंय, बायको रडतेय, नवरा टाइलवर पाय आपटतोय, तू कधी येतेस.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "तोवर त्यांना पाणी द्या आणि गप्प बसा."

"गप्प कसं बसायचं?" मामांनी विचारलं.

ते शिकवायला वेळ लागणार होता. तिने फोन ठेवला आणि दुसऱ्या आजीकडे वळली.